तरोटा ओळखता का?

विद्यार्थी मित्रांनो, तरोटा कोणाला ठाऊक नाही? गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या मुलांना तर हा प्रश्न विचारणेच चुकीचे. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तरोट्याची हिरवीगार रोपे दाटीने उगवतात. बायाबापड्या ओटी भरभरून कोवळे शेंडे खुडून आणतात. कांदा, लसूण, तिखट घालून केलेली ही भाजी रोवणीच्या दिवसांत घरोघर खाल्ली जाते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात हिलाच टाकळा म्हणतात. शेजारच्या छत्तीसगडात ती चरोटा होते.

म्हणजे तरोटा सर्वांनाच ठाऊक आहे. पण तुम्ही तो ओळखता का?

तुम्ही म्हणाल, हे दोन्ही एकच झाले. माझे म्हणणे असे की हे दोन्ही एक नाही, आणि त्यासाठीच आजचा हा लेख. एखाद्या वनस्पतीचे नाव ठाऊक असणे ही एक गोष्ट आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दहा रोपांतून ती नेमकी वेगळी काढता येणे ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याला ऐकून मिळते, दुसरी डोळ्यांना सवय लावून मिळवावी लागते. आपल्या शाळांतून पहिलीवर फार भर दिला जातो आणि दुसरीकडे दुर्लक्ष होते. त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. ती किती मोठी, ते आधी पाहू.

नावातली चकवणूक

तरोट्याच्या जवळच, त्याच कडेला, तशीच पिवळी फुले येणारे आणखी एक झुडूप उगवते. त्याला कोणी कासविंदा म्हणतात, तर कोणी रानटाकळा. आता ‘रानटाकळा’ हे नाव जरा निरखून पाहा. हे नाव ऐकणाऱ्याला काय वाटेल? टाकळा म्हणजे भाजीचा, आणि रानटाकळा म्हणजे तोच, पण रानातला! वास्तविक टाकळासुद्धा कोणी वाफ्यात लावत नाही. तोही आपोआपच उगवतो. मग या ‘रान’ शब्दाने फरक कळतो तो काय? काहीच नाही. उलट दोन्ही झाडे एकच असल्याचा भास होतो.

शास्त्रज्ञांच्या भाषेत तरोटा म्हणजे सेना टोरा आणि रानटाकळा म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे त्या झाडाच्या स्वतःच्या नावासारखा. आडनाव एक आहे, म्हणजे दोघे भाऊबंद आहेत. पण दोन भाऊ स्वभावाने सारखेच असतील असे थोडेच आहे? तरोट्याचा कोवळा पाला पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. रानटाकळ्याच्या शेंगा आणि बिया मात्र विषारी आहेत. आणखी एक गंमत पाहा. लॅटिन भाषेत ऑक्सिडेंटॅलिस म्हणजे पश्चिमेकडची. हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. ज्याला आपण ‘रान’ जोडून आपल्या जंगलातले म्हणतो, ते मुळात आपल्या जंगलातले नाहीच!

मलकानगिरीत काय घडले

गडचिरोलीच्या पूर्वेला बस्तर आहे आणि बस्तर ओलांडले की ओडिशा राज्याचा मलकानगिरी जिल्हा लागतो. जंगल, आदिवासी वस्त्या, भातशेती, पावसाळ्यातल्या रानभाज्या, सारे आपल्यासारखेच. तिथे तरोट्याला चाकुंडा म्हणतात आणि रानटाकळ्याला बन चाकुंडा, म्हणजे रानचाकुंडा. नावातली चकवणूक हुबेहूब आपल्यासारखी!

2016 साली पावसाळा सरता सरता या जिल्ह्यात लहान मुले अचानक आजारी पडू लागली. शुद्ध हरपायची, झटके यायचे आणि थोड्याच अवधीत मूल दगावायचे. काही आठवड्यांत शंभराहून अधिक मुले गेली. हा जपानी मेंदूज्वर असावा असे प्रथम वाटले. हा रोग डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो. काही मुलांना तो झालाही होता. परंतु बऱ्याच मुलांच्या तपासणीत त्या विषाणूचा मागमूस लागेना. तेव्हा विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे पथक तिथे गेले. मुलांनी काय खाल्ले होते याची चौकशी झाली, आणि या पथकाने बोट ठेवले ते बन चाकुंड्यावर. त्यातील अँथ्राक्विनोन नावाची द्रव्ये मुलांच्या शरीरात गेली होती. आधीच पोट अर्धे रिकामे, अंगात ताकद कमी. अशा मुलांना ते विष सोसले नाही.

डॉ. जॉन यांना हे झाड नवे नव्हते. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत कित्येक वर्षे दर पावसाळ्यानंतर लहान मुलांना असाच घातक आजार होई. तिथेही सर्वांचा संशय विषाणूवर. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ यांनी, डॉ. जॉन यांच्यासह, एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. आजारी मुले आणि त्याच परिसरातली निरोगी मुले यांची तुलना करून त्यांनी पाहिले, की आजारी पडलेल्या मुलांनी असे काय केले जे निरोगी मुलांनी केले नव्हते? उत्तर आले, रानटाकळ्याच्या शेंगा! खेळता खेळता मुले हिरव्या शेंगा सोलून आतले दाणे खात होती. 2007 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाचा मारा यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर होतो, म्हणून डॉक्टरांनी या आजाराला नावही त्या तिघांवरूनच दिले आहे. यावर खास असा उतारा नाही.

मित्रांनो, तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. या हकिकतीत शिकण्यासारखे जे आहे ते असे. सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू शोधणारी मोठमोठी माणसे जे झाड ओलांडून रुग्णालयात जात होती, ते झाड रस्त्याच्या कडेलाच उभे होते. दिसत सर्वांनाच होते, पण त्याची नेमकी ओळख आणि मुलांच्या आजाराशी असलेला संबंध कोणी जोडला नव्हता.

फुलावर जाऊ नका

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तरोटा आणि रानटाकळा वेगळे कसे काढायचे?

पहिली सूचना अशी की फुलावर जाऊ नका. आपल्याला शाळेत फुलावरून झाडे ओळखायला शिकवतात आणि एरवी ते योग्यही आहे. पण या भावंडांत सगळ्यांचीच फुले पिवळी, सगळ्यांनाच पाच पाकळ्या. शिवाय भाजीसाठी शेंडे खुडतात ते जून-जुलैत, आणि फुले येतात श्रावण-भाद्रपदात. भाजी खुडताना फूल मुळी नसतेच, मग त्याचा उपयोग काय?

वासावरही जाऊ नका. पान चुरगळले तर दोघांनाही उग्र वास येतो. जनावरे तोंड लावतात की नाही यावरही जाऊ नका. हिरवेपणी जनावरे दोघांनाही टाळतात. जागेवर तर मुळीच जाऊ नका. ‘दरवर्षी इथे तरोटाच असतो’ हे वाक्य धोक्याचे, कारण दोघांनाही तीच पडीक जमीन आणि तोच उकिरड्याचा काठ आवडतो.

मग पाहायचे काय? पान पाहायचे, आणि तेही क्रमाने.

या झाडांचे पान संयुक्त असते. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने छोटी पाने असतात, त्यांना पर्णिका म्हणतात. तरोट्याच्या पूर्ण वाढलेल्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पर्णिका. रानटाकळ्यात बहुधा चार ते सहा जोड्या. ही झाली पहिली खूण, मोजायची.

दुसरी खूण आकाराची. तरोट्याची पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद व गोल असते, अंडे उलटे धरल्यासारखी. रानटाकळ्याच्या पर्णिकेचे टोक भाल्यासारखे निमुळते होत जाते. आंब्याचे पान आणि फणसाचे पान यांच्या टोकांत जसा फरक, तसा हा समजा.

तिसरी खूण सर्वांत पक्की, पण ती बारकाईने पाहावी लागते. या झाडांच्या पानांवर चिमुकल्या ग्रंथी असतात. ग्रंथी म्हणजे द्रव पाझरणारा अवयव. तरोट्यात ही ग्रंथी बारीक दांडीसारखी असते आणि खालच्या पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध, दांड्यावर उभी असते. बहुधा दुसऱ्या जोडीतही एक असते. रानटाकळ्यात पर्णिकांच्या मध्ये काही नसते. एकच फुगीर, घुमटासारखी ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते. साधे दहा पट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तमच. नसले तरी चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ती दिसते.

या ग्रंथींचे काम काय असेल बरे? त्यांतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या झाडावर ये-जा करतात आणि त्यांच्या वर्दळीमुळे पाने खाणाऱ्या किड्यांना चांगलाच धाक बसतो. झाडाने पदरी ठेवलेले पहारेकरीच म्हणा ना! आणि पहारेकऱ्यांची चौकी कुठे आहे, यावरून वाडा कोणाचा हे आपल्याला कळते.

तुम्ही विचाराल, तीन खुणा कशाला? एक पुरणार नाही का? नाही पुरणार. अगदी कोवळ्या रोपाची पहिली पाने कमी पर्णिकांची असतात; तेव्हा रानटाकळ्यातही मोजणी तीनवर येऊ शकते. किड्याने खाल्लेल्या पर्णिकेचे टोक गोल आहे की निमुळते, हे सांगता येत नाही. ग्रंथी वाळून गळलेली असू शकते. म्हणून तिन्ही खुणा एकाच उत्तराकडे बोट दाखवतील तरच नाव घ्यायचे. एक जरी खूण विरुद्ध गेली तर ‘मला ठरवता येत नाही’ असे म्हणायचे. असे म्हणण्यात कमीपणा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञसुद्धा असे अनेकदा म्हणतात.

पावसाळा संपला की शेंगा येतात आणि मग काम फार सोपे होते. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कधी कधी जवळजवळ वीतभर आणि विळ्यासारखी वाकलेली असते. रानटाकळ्याची शेंग तिच्यापेक्षा आखूड, रुंद आणि चपटी, किंचित वर वळलेली. पिकली की मधे तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट पट्टा. बिया तर हातात घेताच वेगळ्या कळतात. तरोट्याचे बी चकचकीत आणि पतंगासारखे तिरप्या कोनांचे, तर रानटाकळ्याचे चपटे, गोलसर आणि निस्तेज. आता एक करा. पावसाळ्यात पानांवरून ज्याचे नाव तुम्ही वहीत लिहिले असेल, त्याच झाडाकडे दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जा आणि शेंग पाहा. तुमचे उत्तर बरोबर होते की चूक, ते झाडच सांगेल. याहून चांगली परीक्षा कोणती?

आणखी भावंडे

इथवर दोघांचीच गोष्ट केली, पण हे कुटुंब मोठे आहे. तरोट्याचा जुळा भाऊ म्हणावा अशी सेना ऑब्ट्युसिफोलिया नावाची जाती आहे. तिच्यात ग्रंथी फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते, शेंगेचा देठ जास्त लांब असतो आणि बियांवरचा फिकट पट्टा तरोट्याच्या बियांवरच्या पट्ट्यापेक्षा पुष्कळच अरुंद असतो. अनेक ग्रंथांतून बरीच वर्षे या दोघांना एकच मानले गेले. रानटाकळ्याला जवळची सेना सोफेरा; तिच्या पर्णिका अरुंद आणि संख्येने जास्त, शेंग चपटी नसून फुगीर. तिलाही पुष्कळ ठिकाणी कासविंदाच म्हणतात. म्हणजे इथे दोन झाडांना मिळून नाव एकच! शिवाय सेना युनिफ्लोरा ही पाहुणी आहे. तीही मूळची अमेरिकेची. कर्नाटकात गाजर गवताला हटवण्यासाठी तिचा मुद्दाम प्रसार करण्यात आला. अंगभर लव, जवळजवळ प्रत्येक जोडीत ग्रंथी आणि आखूड, सरळ, दाण्यांच्या मधे आवळलेल्या शेंगांचे झुपके, यावरून ती चटकन ओळखू येते.

तरोटा आणि त्याचा जुळा भाऊ यांत गल्लत झाली तर बिघडत नाही. दोघांच्याही बियांपासून एकाच प्रकारचा डिंक काढतात आणि तो खाद्यपदार्थ दाट करायला वापरतात. पण त्या बियांत रानटाकळ्याचे बी मिसळले तर? त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा घालून दिली आहे. रानटाकळ्याच्या बियांचे प्रमाण 0.05 टक्क्यांपेक्षा कमी हवे, म्हणजे दहा किलो बियांत पाच ग्रॅमही नको. आमच्याकडच्या जंगलपट्ट्यात ज्या हातांनी तरोट्याचे बी गोळा केले जाते, त्या हातांची पारख किती नेमकी असायला हवी, ते या आकड्यावरून कळते. फरक बारीक आहे म्हणून तो बिनमहत्त्वाचा, असे मुळीच नाही.

एका माणसाची चिकाटी

ही सारी भावंडे एकेकाळी कॅशिया या प्रजातीत होती. स्वीडनचे लिनियस यांनी 1753 साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा तरोटा झाला कॅशिया टोरा आणि रानटाकळा कॅशिया ऑक्सिडेंटॅलिस. बहावाही कॅशियाच. पुढे सव्वादोनशे वर्षांत या प्रजातीत शेकडो जाती जमा झाल्या. मग 1982 साली हॉवर्ड आयर्विन आणि रूपर्ट बार्नबी या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिका खंडातल्या या गटाची बारकाईने छाननी केली आणि कॅशियाची वाटणी करून सेना ही प्रजाती वेगळी उभी केली. बहावा जुन्याच घरात राहिला. तरोटा आणि रानटाकळा सेनाकडे गेले. योगायोग असा की त्याच 1982 साली, 26 ऑगस्टला, चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला!

या बार्नबींची आणखी एक कामगिरी इथे सांगण्याजोगी आहे. उत्तर अमेरिकेच्या मधल्या भागात प्रेअरी नावाची विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. तिथे जांभळी, पांढरी अशी छोट्या कणसांसारखी फुले येणारी रानरोपे असतात. लोक त्यांना प्रेअरी क्लोव्हर म्हणतात. क्लोव्हर हे खरे म्हणजे आपल्या बरसीमसारख्या चाऱ्याच्या गटाचे नाव. पण ही रोपे त्या गटातली नाहीतच. ती डेलिया या निराळ्या प्रजातीची. म्हणजे तिथेही नाव फसवेच निघाले! बार्नबींनी 1977 साली या साऱ्या डेलियांचा एक सचित्र ग्रंथ सिद्ध केला. विशेष म्हणजे वनस्पतिशास्त्राची रीतसर पदवी त्यांनी घेतली नव्हती. पाहणे, तुलना करणे आणि पुन्हा पाहणे, ही त्यांची शाळा.

या डेलियांतही ओळख पानावरून होते. जांभळ्या प्रेअरी क्लोव्हरच्या पानात थोड्याच, अरुंद पर्णिका असतात आणि तो मैदानांत मुबलक आढळतो. पण त्याच्यासारखीच जांभळी फुले येणारी डेलिया फोलिओसा नावाची एक जाती आहे. तिच्या पानात कितीतरी जास्त पर्णिका असतात. ती अमेरिकेतल्या मोजक्या खडकाळ जागांवरच उरली होती; म्हणून 1991 साली तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षण देण्यात आले. पर्णिका न मोजता ‘हा काय, नेहमीचाच!’ असे म्हणणाऱ्याच्या पायाखाली ती कधी नाहीशी झाली ते कळलेही नसते. आपल्याकडे गल्लत झाली तर मुलाच्या जिवावर बेतते, तिथे गल्लत झाली तर झाडाच्या जातीवर. दोन्हीकडे उपाय एकच, थांबून नीट पाहणे.

दोन आक्षेप

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा. काही मंडळी म्हणतात, ‘एवढी कटकट कशाला? मुलांना रानातले काहीही तोंडात घालू नका म्हणून सांगितले की झाले.’ हे ऐकायला बरे वाटते, पण ते मला पटत नाही. तरोटा, कुड्याची फुले, बांबूचे वास्ते हे आपल्या भागाचे पावसाळ्यातले अन्न आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. घरात धान्य सरत आलेले असते तेव्हा याच भाज्या ताट भरतात. ते खाऊच नका असे सांगणे म्हणजे गरिबाच्या ताटातली भाजी काढून घेणे. शिवाय बंदी घातली की ज्ञान वाढत नाही, उलट आटते. आजीला जे ओळखता येत होते ते आईला अर्धे येते आणि मुलाला फक्त नाव उरते. मग ज्या वर्षी भूक लागेल त्या वर्षी तो मुलगा केवळ नावाच्या भरवशावर रानात जाईल. धोका आहे तो तिथे.

काहींना वाटते, रानटाकळा सगळा उपटूनच टाकावा. शाळेच्या आणि घराच्या आसपासचा जरूर उपटावा. पण उपटण्यासाठी तरी तो आधी ओळखायला नको का? नाहीतर तरोटा उपटला जाईल आणि रानटाकळा मागे राहील!

दुसरा आक्षेप आपल्या वडीलधाऱ्यांचा. ‘आम्ही जन्मभर भाजी खुडली, आम्हाला भिंग लागले नाही.’ हे खरे आहे, आणि त्यांचा मान राखून मी म्हणतो की त्यांची नजर हेच मोठे भिंग आहे. तुमच्या आजीला ‘तरोटा कशावरून ओळखतेस?’ असे विचारून पाहा. ती बहुधा म्हणेल, ‘दिसतोच की!’ कारण तिच्या डोळ्यांनी खुणा इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. पण जी खूण शब्दांत सांगितली जात नाही ती पुढच्या पिढीला देता येत नाही, आणि चुकली तर तपासताही येत नाही. आजीची नजर आणि शास्त्रज्ञाची नोंद यांत भांडण नाही. आजीने वेगळी काढलेली दोन रोपे घेऊन त्यांच्या ग्रंथी मोजल्या, तर तिला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला कारणासह कळते. हे काम तुमच्याच वयाचे विद्यार्थी उत्तम करू शकतात, कारण आजी तुमच्या घरात आहे आणि पुस्तक तुमच्या दप्तरात.

म्हणून मला वाटते, जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत आणि आश्रमशाळेत वनस्पतींचा पहिला धडा जास्वंदीच्या फुलापासून सुरू न करता तरोट्याच्या पानापासून सुरू करावा. जास्वंद सुंदर आहे, मोठी आहे, तिचे भाग स्पष्ट दिसतात, हे सारे मान्य. पण जास्वंद ओळखण्यात चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. तरोटा ओळखण्यात चूक झाली तर बिघडते. ज्याची रोज गरज आहे ते विज्ञान आधी शिकावे.

तुम्ही काय कराल?

यंदाच्या पावसाळ्यात हे करून पाहा. घरातले कोणी जाणते माणूस सोबत घ्या. तरोट्यासारखी दिसणारी पाच रोपे वेगवेगळ्या जागांवरून आणा. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधून जागा आणि तारीख लिहा. वहीत तीन रकाने आखा: पर्णिकांच्या किती जोड्या, टोक गोल की निमुळते, ग्रंथी कोठे. रकाने भरून झाल्यावरच चौथ्या रकान्यात नाव लिहा, आधी नाही. मग पाने जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा. शाळेच्या भिंतीवर तरोटा आणि रानटाकळा यांची वाळवलेली पाने शेजारी शेजारी लावा, म्हणजे लहान वर्गातल्या मुलांनाही फरक पाहता येईल. शेंगा आल्या की त्याही त्यांच्याखाली चिकटवा. पण त्या उंचावर, चिमुरड्यांचा हात पोचणार नाही अशा लावा. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा.

आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा. कोणत्याही रानटी झाडाच्या शेंगा किंवा बिया खेळताना सोलून खायच्या नाहीत, मग त्या तरोट्याच्या वाटोत की आणखी कशाच्या. धाकट्या भावंडांनाही हे सांगा, कारण उत्तर प्रदेशात बळी पडली ती बहुतेक शाळेतही न जाणारी चिमुकली मुले होती. भाजीचा पाला जाणत्या माणसाने पाहिल्यावाचून शिजवायचा नाही. आणि कोणी मूल शेंगा खाल्ल्यावर ओकू लागले, सुस्तावले किंवा वेड्यासारखे वागू लागले तर एक क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात न्या आणि सोबत त्या झाडाची फांदीही न्या. डॉक्टरांनी ‘काय खाल्ले?’ असे विचारले की नुसते नाव सांगू नका. फांदी पुढे करा. नावात चूक होऊ शकते, फांदीत होत नाही.

आता पुन्हा विचारतो, तरोटा ओळखता का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याआधी पान हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि खालच्या दोन पर्णिकांच्या मधोमध काय दिसते ते पाहा.